कॅलिफोर्नियातून इंग्रज कधी गेले?

सासरे नागपूरहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले, तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. इथे चौथीला आपल्या राज्याचा इतिहास असतो, आणि शेवटी प्रत्येकानं वर्गासमोर उभं राहून तो सांगायचा असतो. मुलीची तयारी करून घ्यायचं काम सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, आपणहून अंगावर घेतलं. बँकेत नोकरी करून रिटायर झाले होते, पण वाचनात आवड पहिल्यापासून इतिहासाचीच.

पहिल्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले.

"बेटा, इथून इंग्रज कधी गेले गं?"

मी पोळ्या लाटत होते. इतकी वर्षं इथे राहून मला ते सांगता येईना.

"इंग्लिश लोकांचं नव्हतंच, आजोबा," मुलगी टेबलावरून म्हणाली. "आधी स्पेन. मग मेक्सिको. मग थोडे दिवस वेगळी कंट्री. देन वुई गॉट इट."

"वुई म्हणजे कोण?"

"वुई. अमेरिका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी इथेच जन्मलेली. मी आणि तिचे वडील अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. तिच्या त्या 'वुई'मध्ये मी आहे की नाही, हे मला खरंच कळलं नाही. मी पोळी उलटली.

शनिवारी आम्ही तिघं जवळचं जुनं मिशन बघायला गेलो. स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेलं, चर्च आणि भोवतीची वस्ती. ऑफिसला जाताना त्याची पाटी रोज दिसायची, पण आत कधी गेले नव्हते. मुलगी मातीच्या जाड भिंती दाखवत होती. इथल्या मूळच्या ओलोनी लोकांनी विटा पाडल्या, शेती केली, आणि एकदा बाप्तिस्मा झाला की त्यांना सोडून जाता यायचं नाही, असं तिनं सांगितलं.

"मग ते नोकर होते की कैदी?" बाबांनी विचारलं.

ती थांबली. "टीचर वर्कर्स म्हणाली."

तिथून थोड्या अंतरावर त्या लोकांची दफनभूमी आहे. थडगी जवळजवळ नाहीतच, नुसती गवताळ जमीन. एक साठीच्या बाई खाली बसून गवत उपटत होत्या. बाबांनी मला विचारायला लावलं, की इथे कोण आहे.

"माझी माणसं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही ओलोनी?" मुलगी म्हणाली.

"हो. पण आडनाव स्पॅनिश आहे. आजी घरात स्पॅनिश बोलायची आणि बाहेर स्वतःला मेक्सिकन म्हणवायची. तिला ते सोपं पडायचं."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी त्या गवताळ जमिनीवर नजर फिरवली. मग म्हणाले, "विचार, मेक्सिको गेल्यावर यांना यांचं राज्य परत मिळालं का?"

हे कोणत्या तोंडानं विचारायचं, मला कळेना. पण बाबा वाट बघत होते. शेवटी जसंच्या तसं इंग्रजीत विचारलं.

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "अजून नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गवताकडे वळल्या.

बाबा हळूच गुडघ्यांवर हात टेकून खाली बसले आणि तेही गवत उपटू लागले. परक्यांच्या मातीला असा हात लावावा की लावू नये, याचा मी विचारच करत राहिले. बाई आपलं गवत उपटत राहिल्या. मग मुलगी बसली, आणि मीही.

परत येताना गाडीत बाबा नातीला म्हणाले, "मी जन्मलो तेव्हा आमचं नागपूर मध्यप्रांतात होतं. मग मध्य प्रदेश झालं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र."

"तुम्ही मूव्ह होत होतात?"

"नाही. तीच गल्ली, तेच घर."

"मग हू गॉट यू?"

बाबांनी तो प्रश्न मराठीत करून पाहिला, "आम्हाला कोणी घेतलं?"

भाषणाच्या दिवशी वर्गात आम्ही मागच्या छोट्या खुर्च्यांवर बसलो होतो. मुलगी छान बोलत होती. स्पेन झालं, मेक्सिको झालं, आणि मग ती अडली. आमच्याकडे बघत राहिली. टीचर हळूच म्हणाल्या, "अँड देन?" तेव्हा ती म्हणाली, "देन अमेरिका टुक इट," आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. ती बरोबर बोलली की चुकली, हे टीचरच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. घरी जाताना मी विचारलं, तर म्हणाली, "आय डोन्ट नो, आई. मला तिथे उभं राहून कन्फ्यूज झालं."

त्या संध्याकाळी बाबांनी नागपूरच्या मित्राला फोन लावला. "अरे, इथे इंग्रज राज्य करायला आलेच नाहीत," ते सांगत होते, "आणि सगळे इंग्रजी बोलतात." पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. बाबा जरा घुटमळले.

"थांब, सूनबाईला देतो," म्हणाले, "ती इथलीच आहे."

मी फोन घेतला आणि काय विचारताहेत ते आधी नीट ऐकून घेतलं.