उगवतीकडे टाकलेले तांदूळ

खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या सखूचा नवरा देवजी विमानानं गेला, तिथंच सगळा घोळ झाला. होडीनं गेला असता तर दिशा कळली असती. त्यांच्या घरची रीत होती: माणूस पाण्यावर असेल तोवर दिवेलागणीला बायकोनं तो ज्या दिशेला असेल त्या अंगाला तोंड करून हळद लावलेले तांदूळ टाकायचे. भलत्या अंगाला पडले तर समुद्र त्या माणसाकडे पाठ फिरवतो, असं सासू पुतळा सांगायची. देवजी आखातात तेलाच्या जहाजावर खलाशी होता. पण ते आखात कुठल्या अंगाला?

सखू आमच्या नेरूळच्या सोसायटीत मासळी विकायला यायची. एकदा पाटी उतरवता उतरवता तिनं बाबांना विचारलं, "दादा, दुबईकडलं ते आखात कंच्या मुलखात येतं?"

बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "मध्यपूर्वेत."

पूर्व सखूला ठाऊक होती. त्या संध्याकाळपासून ती खाडीकडे पाठ करून पारसिकच्या डोंगराकडे तांदूळ टाकू लागली. समोर नुसते दगड आणि करवंदीच्या जाळ्या. पाठीमागे भरतीचा आवाज यायचा आणि मानेवर काटा उभा राहायचा, पण ती वळायची नाही.

मग तिकडच्या युद्धात आखातातल्या जहाजांवर हल्ले होऊ लागले. सखू रोज बाबांना विचारायची, "आज काय छापलंय?" आणि उत्तर येईपर्यंत पदराचं टोक दातात धरून उभी राहायची.

सत्त्याऐंशी सालच्या एका सकाळी ती पाटी घेऊन दारात बसली होती. आई म्हणाली, "सखू, हे पापलेट की पापलेटाचं पिल्लू?"

"लहानच हाय, वहिनी. तुमच्या किचनमदी मोठं मावंल का?"

आई हसत असतानाच रेडिओवर बातमी लागली. पश्चिम आशियात तेलवाहू जहाजावर हल्ला, जहाजाला आग, खलाशांत काही भारतीय. आईचा हात पाटीवरच थांबला.

सखू मात्र सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "पश्चिमेला ना? मंग आमचं नाय ते. आमचा मानूस पूर्वेला हाय."

बाबांनी कप खाली ठेवला. "सखू, ते एकच आहे."

"काय एकच?"

"रेडिओ दिल्लीचा. दिल्लीहून तो मुलूख पश्चिमेला, म्हणून पश्चिम आशिया. पेपरात इंग्रज साहेबाचं जुनं नाव चालतं. साहेब विलायतेत बसून बघायचा. त्याच्यापासून उगवतीला चीन-जपान लांब, ते अतिपूर्व. त्याच्या अलीकडचं मधलं, ते मध्यपूर्व."

"ते ऱ्हाऊ द्या, दादा. आमच्या सारसोळ्यापासून कंच्या अंगाला?"

"मावळतीला. खाडी, मुंबई, मग समुद्र ओलांडून."

पाटी तिथंच सोडून सखू घराकडे धावत गेली. आईनं हाका मारल्या, त्या तिला ऐकू आल्या नसाव्यात.

पुढचं तिनं नंतर आईला सांगितलं. सासू पुतळा अंगणात जवळा वाळत घालत होती. सखू तिच्यापुढं कोसळली. "आत्या, मी इतके दिस डोंगराकडं टाकले. समुद्राला पाठ दावली मी."

पुतळाचे हात थांबले. ती म्हणाली, "मी तुज्या माघारी खाडीकडं टाकत व्हते."

"मंग मला बोलल्या का नाय?"

"मला तरी कुठं ठाव व्हतं? पानी जिकडं, तिकडं टाकले."

हे ऐकून सखूला धीर यायला हवा होता. पण तिला दिसलं ते वेगळंच: एका माणसाला दोघीजणी दोन अंगांना ओढताहेत, आणि मधोमध तो जळतोय.

त्यानंतर देवजीची काही बातमी येईना. सखू मावळतीकडे तोंड करायची, पण मूठ उघडायची नाही. आधीच्या तांदळांचं काय, हे तिला कोण सांगणार? मूठ मिटूनच ती घरात परतायची.

एके दुपारी कंपनीचा माणूस गावात आला. जळालेलं जहाज देवजीचंच होतं. देवजी जिवंत होता. हात भाजले होते, तिकडच्या इस्पितळात होता. पुतळा मोठ्यानं रडू लागली. सखू रडली नाही.

"साहेब," तिनं विचारलं, "आग जहाजाच्या कंच्या अंगाला लागली?"

माणूस वैतागला. "माणूस वाचला, बाई, आणि तुम्ही दिशा काय विचारता? मी चौकशी करून कळवू का?"

आग उगवतीच्या अंगाची निघाली, तर ती आपल्याच तांदळांची ठरेल, हे सखूच्या ध्यानात आलं आणि तिनं घाईघाईनं मान हलवली. "नको. कळवू नका."