आजार यांना, पथ्य तुम्हाला

काकू जेवायला आल्या की यजमानीणबाईंच्या हातातला डाव आधी काढून घेत. तो टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणत, "ज्याला हवं तो घेईल. तुम्ही बसा बघू स्वस्थ." आखातातल्या अबू हलीफा गावात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींमध्ये पाहुण्यानेच यजमानाला दटावायची पद्धत नव्हती. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझी बायको सुनंदा दोन दिवस फुरंगटून बसली होती.

याला कारण अप्पा, म्हणजे काकूंचे यजमान. तेल कंपनीत मोठे इंजिनिअर, पण स्वभाव लोण्यासारखा. त्यांची साखर वाढली आणि डोळ्यांना त्रास सुरू झाला. आता सांभाळलं नाहीत तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरात काकूंचं पथ्य कडक. पण सुट्टीच्या दिवशी कुणाकडे तरी जेवण असायचंच, आणि "अप्पा, एकच, माझ्यासाठी!" म्हटलं की अप्पांची वाटी पुढे. कुणाचं मन मोडणं त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं.

दुसरी एखादी नवऱ्याला बोलली असती. काकू आम्हाला बोलल्या. "आजार यांना आहे, पण पथ्य तुम्हाला आहे. आग्रह बंद." तेवढ्यावर न थांबता त्यांनी आम्हा सगळ्यांना दर शुक्रवारच्या सुट्टीत सकाळी मुलाबाळांसकट समुद्राकाठी चालायला लावलं. उन्हाळ्यात हीच वरात मॉलच्या गारव्यात फिरे. सगळ्यांत पुढे काकू, सगळ्यांत मागे अप्पा, कारण वाटेत भेटेल त्याची त्यांना चौकशी करायची असे. मग एकाच्या घरी धिरडी किंवा मोकळ भाजणी, आणि आग्रहाला बंदी. सगळ्यांत खूश झाली ती मुलं. आमची मुलगी ईरा म्हणाली, "आंटी, सो आय कॅन जस्ट से नो?"

"से नो, बाळा. मोठ्याने से."

पण हाडीमाशी मुरलेली खोड इतक्या सहज जाते थोडीच! बायकांनी पळवाट काढली. लाडवाचा आग्रह बंद ना, मग काकडीचा सुरू. "अप्पा, घ्या हो, हिला कसली आलीय साखर!" अप्पांच्या ताटात कोशिंबिरीचा डोंगर, आणि ते मुकाट्याने खाताहेत. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, मुद्दा लाडवाचा नाही. या माणसाला 'नको' म्हणायला शिकायचंय, आणि तुम्ही शिकू देत नाही!"

हळूहळू आम्ही सुधारलो. अप्पांची साखर उतरली, डोळ्यांचं दुखणं होतं तिथेच थांबलं. तेवढ्यात त्यांची निवृत्ती आली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत होता, त्यामुळे सांगलीला परतण्यावाचून इलाज नव्हता.

निरोपाचं जेवण आमच्याकडे होतं. सुनंदाने श्रीखंड केलं होतं आणि इतक्या दिवसांची सवय विसरून तिने भरलेला डाव अप्पांच्या वाटीवर धरला. अप्पांनी वाटीवर हात आडवा धरला. "नको वहिनी. चव घेतली मी, छान झालंय. पण आता पुरे." वाटीवरचा हात मात्र हलला नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडताना आम्ही प्रथमच पाहत होतो.

निघताना सगळे दारापर्यंत गेलो. कुणी सामानाची चौकशी केली, कुणी विमानाची वेळ विचारली. अप्पा लिफ्टमध्ये शिरले. काकू मात्र उंबऱ्याशी घुटमळल्या, एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मला वाईट वाटत होतं, पण बोलायचं काय ते कळेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहता येणार नाहीच, ते मला कळतंय हो. पण 'काकू, राहा ना अजून थोडं' असं एकदा म्हणायला काय हरकत होती?"