दगडावरची शेवटची ओळ

फाट्यावरच्या हुतात्म्याच्या दगडावर सगळ्यात मोठ्या अक्षरात माझ्या बापाचं नाव हाय, असं मी आल्यागेल्याला सांगायचो. ती ओळ दगड देणाऱ्या उदगीरच्या अडत्याची निघाली.

मला कुठं वाचता येतं! पाटलानं शब्द दिला व्हता, "तुझ्या बापाचंबी नाव टाकू." म्हणून भर उन्हात मुरूम फोडून त्या दगडाचा खड्डा म्या खांदला. दगड उभा राहिला. चार ओळी. वरच्या तीन बारीक, खालची ठसठशीत. म्हणलं, मांगवाड्यातला माणूस खालीच असणार, पर अक्षर मोठं दिलं. पाटलाचं मन मोठं.

दगडाच्या उद्घाटनाला पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आयला हाताला धरून नेलं. टँकर आला नव्हता, तरी तिनं तांब्याभर पाण्यानं ती ओळ धुतली. हळद लावली. भाकर ठेवली.

पाटलाचा थोरला तिथं मांडवाचे बांबू रोवून घेत व्हता. त्यानं बघितलं अन् पोट धरून खालीच बसला.

"ए हलग्या, तुझी म्हातारी जित्या माणसाला निवद दाखवून राहिली! अडतदुकानवाला हाय रं त्यो, उदगीरचा. दगड त्यानं दिला."

मांडववाले हसले. मीबी हसलो. मला सवयच हाय, कुणी मारलं तरी आधी हसू येतं. आय हसली न्हाई. पदरानं हळद पुसली, भाकर उचलली. एकच इचारलं.

"मग त्यो कुठं हाय?"

त्यो म्हंजी माझा बाप. रझाकाराच्या धामधुमीत मी आयच्या पोटात. बंदूकवाले येऊन राहिले हे पयलं बापाला दिसलं, या फाट्यावर. हातात हलगी. आमच्यात लग्नाचा ठेका निराळा, मयताचा निराळा, धोक्याचा निराळा. बापानं धोक्याचा धरला. गाव ज्वारीत पळालं. हलगी थांबली तवा गावाला कळलं, बाप गेला. आणखी तीन माणसं त्या दिशी आडवी झाली, खोटं कशाला बोलू. वरची तीन नावं त्यांची.

त्यो ठेका चुलत्यानं मला रानात शिकवला. आय घरात वाजवू देत न्हाई. म्हणती, त्यो ऐकून तुझा बाप दारात येऊन उभा राहतो. कुठं वरातीत घोटभर पोटात गेली की माझा हात आपोआप तिकडं वळतो. मग पाठीमागं कुणीतरी उभं हाय असं वाटतं. म्या कधी मागं बघितलं न्हाई. पोटातूनच भित्रा मी.

दगडापासनं तसाच पाटलाकडं गेलो. म्हातारा बाजेवर बसला व्हता.

"मालक, बापाचं नाव राहिलं जणू."

"राहिलं न्हाई. इषय निघाला व्हता. तुझा बाप लढला का? वाजवत व्हता. वाजवणं त्याचं कामच व्हतं. कामावरचा माणूस मेला तर त्याला हुतात्मा म्हणत्यात व्हय?"

"न्हाई, मालक."

माझ्या तोंडातनं गेलं हे. माझ्या.

"दुपारी साहेबाला वाजवत आण. हलगी चांगली तापव."

लातूर नुकताच जिल्हा झाला व्हता. जिल्हा नवा आला अन् हिरीतलं जुनं पाणीबी गेलं. नव्या जिल्ह्याचा साहेब जीपमधून उतरला. म्या धसकटाच्या जाळावर हलगी तापवली, कातडं ताठ केलं, स्वागताचं वाजवत साहेबाला दगडापस्तोर आणलं. मग मला दोरीच्या बाहेर उभं केलं. कापड ओढलं. तीन नावं वाचली. मग अडत्याचं, त्याला टाळ्या. भला माणूस बिचारा, लाजला.

"वाजव रं," कुणीतरी वरडलं.

पोटात थेंब नव्हता. तरी हात त्या धोक्याच्या ठेक्याकडं वळला. या खेपेला म्या वळू दिला.

पोरं नाचायला लागली. साहेब बुटानं ठेका धरून राहिला. पर म्हातारी माणसं उठली. एका म्हातारीनं नातू काखोटीला मारला, रोड वलांडला अन् रानात पळाली. रानात ज्वारी कुठली, नुसती भेगाळलेली भुई. ती तिथंच वाकून बसली, नसलेल्या ज्वारीत. अन् पाटील धोतर सावरीत दगडाच्या मागं जाऊन बसला. डोकं गुडघ्यात.

"आले का?" इचारत व्हता. "आले का रं?"

म्या मागं बघितलं. पयल्यांदा. मोकळा रोड. ऊन. कुणी न्हाई. तरी माझ्या हलगीत दोन माणसांचे हात वाजून राहिले व्हते, अन् माणूस मी एकटाच व्हतो.

थोरल्यानं मनगट धरलं. हलगी थांबली. साहेब म्हणाला, "वा! कोणतं लोकनृत्य आहे हे?"

मी पळतच घरी आलो. छाती फुगलेली.

"आये, पाटील दगडामागं लपला! आता कुणाचाबी साहेब येऊ दे, त्या दगडाम्होरं मी स्वागताचं वाजवणार न्हाई. मेलो तरी न्हाई. हाच ठेका वाजवणार. नाव लिव्होत न लिव्होत, ज्याच्या कानात माझा बाप हाय त्याला बसल्या जागंवरनं उठवणार!"

आय चूल फुंकत व्हती.

"हितवर ऐकू आलं," ती म्हणली. "मधीच का थांबला?"

"थोरल्यानं हात धरला."

आयनं वर बघितलं.

"तुझा बाप गोळी लागोस्तोवर थांबला न्हाई. तू नुसता हात धरल्यावर थांबला. लई बोलू नगं. जेव."