कॅनची मागची बाजू

काल दुकानात एक बाई एनर्जी ड्रिंकचा कॅन हातात गोल फिरवत होत्या. मला नवल वाटलं. लोक रंग बघतात, किंमत विचारतात आणि कॅन उघडतात. फिरवून कुणी पाहत नाही.

शेजारी त्यांची दहावीतली मुलगी होती. “आई, अभ्यासाला जागता येतं. सगळेच पितात.”

“काका, एवढं बारीक वाचता येतंय का तुम्हाला?” बाईंनी कॅन माझ्यापुढे धरला.

चष्मा लावण्याआधीच मी तो नेमका वळवला. अशा वेष्टनांची मांडणी करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. इशारा छापायचा नियम मी नेहमी पाळला. पण नजर कुठून घसरते हे मला ठाऊक होतं, आणि इशारा मी मुद्दाम तिथेच ठेवायचो. गोल कॅनला मागची बाजू नसते, ती आम्ही ठरवली.

“कॅफीन जास्त आहे, लहान मुलांनी घेऊ नये, असं लिहिलंय.”

“मी काय लहान आहे?” मुलगी म्हणाली.

“लहान म्हणजे कितव्या वर्षापर्यंत हो, काका?” बाईंनी विचारलं.

ते तिथे लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं ती ओळ मांडताना मलाही हा प्रश्न पडला नव्हता.

“हिच्या वयापर्यंत तरी नक्की,” मी म्हणालो.

बाईंनी कॅन परत ठेवला. ती ओळ जणू मीच तिथे छापली, अशा रागाने मुलीने माझ्याकडे पाहिलं.