तोंड फिरवा, शेठ

बॅटरीवाल्या चाचांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाशिक रोडला त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. बंद गाडीला दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून ती चालू करणं हे त्यांचं रोजचं काम, तरी दर वेळी शेवटचा चिमटा लावताना ते मान वळवून ओरडायचे, "मागं सरा! तोंड फिरवा, शेठ!" तरुणपणी एक बॅटरी त्यांच्या समोर फुटली होती. ॲसिडनं डावा डोळा गेला. "अल्लानं दोनच दिले होते, एक मी खर्चून बसलो," म्हणायचे.

मी हातगाडीवर भाजी विकून वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय काही घेत नाही, आणि समोरचा अडला की माझा आवाज चढतो. गाडीची बॅटरी बदला, असं चाचा कधीचे सांगत होते. मी म्हणायचो, "दिवाळी निघेल की हिच्यावर." ते म्हणायचे, "शेठ, भाव माझ्याशी करा. हिच्याशी नका करू."

हरसूलच्या बाजारात ती बॅटरी गेलीच. आई मागच्या सीटवर होती, दम्यानं बेजार. तिचा दम्याचा पंप संपलेला. तिच्या छातीतली शिट्टी मला गाडीबाहेर ऐकू येत होती. चावी फिरवली की नुसती टकटक.

चाचा बाजारात जुन्या बॅटऱ्या गोळा करायला आले होते. त्यांची पिकअप त्या बॅटऱ्यांनीच भरलेली. ॲसिडचा वास असा, की आईला तीत बसवणं म्हणजे संपलंच. धावत त्यांना आणलं. बॉनेट उघडताच ते मागं सरले.

"फुगलीय. हिला वायर लावणार नाही."

"फुटेलच कशावरून?"

"माहीत नाही. म्हणून तर लावत नाही."

"चाचा, आई जाईल माझी!" मी त्यांची कॉलर धरली. "भित्रे आहात तुम्ही!"

"आहेच," ते म्हणाले. "सोडा. पाना घेऊ द्या."

त्यांनी स्वतःच्या पिकअपची बॅटरी काढली. पाना दोनदा हातातून निसटला. माझी फुगलेली बॅटरी तान्हं मूल उचलावं तशी उचलून लांब नेऊन ठेवली. त्यांची बॅटरी खाचेत नीट बसेना, तर सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधली. "निघा. दवाखाना येईपर्यंत गाडी बंद करू नका." आरशात ते त्या बंद पिकअपजवळ उभे दिसले, एक डोळा आमच्या रस्त्याकडे लावून.

आई वाचली. ती जुनी बॅटरी फुटली असती का, हे मला आजही माहीत नाही. पण ते न कळणंच माझ्या अंगात शिरून बसलंय.

चाचांवर माझा राग आहे, तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना मालेगावला घेऊन गेला, आणि तिथे ते वारले. मला कुणी कळवलं नाही. दुकानाला कुलूप पाहून शेजारच्या चहावाल्याला विचारलं, तेव्हा समजलं. मातीला जायचाही हक्क नव्हता का माझा? चाचांनीच कधी माझं नाव घरात काढलं नसेल. एवढं मोठं काम करून गप्प बसणाऱ्या माणसावर मी चिडणार नाही तर काय करणार?

परवा गंगापूर रोडला, आमच्या बिल्डिंगखाली, गाडी पुन्हा अडली. नवा मेकॅनिक वायरी घेऊन आला. आई मला न विचारताच जिन्यापर्यंत मागं गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मीही तिच्या शेजारी जाऊन मान वळवली.

मेकॅनिक हसला. "काय शेठ, घाबरता की काय?"

"हो," मी म्हणालो. "आणि तूही तोंड फिरव."