आत्याची ओटी आणि पाचची बोट

माझ्या आत्याने सिंगापूर पाहिलं ते एवढंच: बंदर, आमचा पुंगोलचा फ्लॅट आणि पुन्हा बंदर. तेवढंच सिंगापूर मी त्या दिवशी दोनदा पाहिलं.

आत्या आणि आतोबा क्रूझच्या सहलीला निघाले होते. बोट सकाळी सिंगापूरला लागणार आणि संध्याकाळी पाचला पेनांगकडे सुटणार होती. मधल्या वेळात उतारूंनी शहर बघावं अशी कंपनीची अपेक्षा. आत्या म्हणाली, "बागा आणि पुतळे काय पुण्यात नाहीत? मला भाच्याचं घर बघायचंय."

मी मुळात घाबरट. त्यात इतकी वर्षं सिंगापुरात काढल्यामुळे नियमांची धास्ती हाडात मुरलेली. आठवडाभर मी फोनवर एकच पालुपद लावलं होतं, "आत्या, बोटीचं प्लॅस्टिकचं कार्ड जिवापाड जप. पासपोर्ट बोटीवर जमा असतो. कार्डाशिवाय परत आत घेत नाहीत." आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माझ्यामुळे तिची बोट चुकली असती, तर पुढच्या तीन पिढ्या प्रत्येक लग्नात माझी ओळख 'आत्याची बोट घालवली तो हाच' अशी झाली असती!

दुपारी मसालेभात झाला, श्रीखंड झालं, आतोबा सोफ्यावर लवंडले. मी बूट घालून दाराशी उभा. (कुणीही निघालेलं नसताना.) माझी सात वर्षांची लेक ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑलवेज पॅनिक लाह."

शेवटी सगळे उठले, तेवढ्यात मधुरा, म्हणजे माझी बायको, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. "आत्या, ओटी भरते."

"मधुरा, बोट!" मी म्हणालो.

"सवाष्ण घरातून रिकामी जात नाही," मधुरा म्हणाली. तिने खण काढला, नारळ काढला आणि तांदळाची एक ओंजळ आत्याच्या पदरात घातली. दुसरी ओंजळ ती इतक्या शांतपणे भरत होती की माझा धीर सुटला. मी डब्यातला पेला उचलला आणि सरळ दोन पेले तांदूळ कापडी पिशवीत ओतले. डोळे घड्याळावर, हात डब्यात. पदरातले तांदूळ, नारळ आणि खणही त्यातच कोंबून मी आत्या-आतोबांना लिफ्टकडे पिटाळलं.

टॅक्सीने टर्मिनल गाठलं तेव्हा हाताशी चांगला वेळ होता. मला जरा हायसं वाटलं. मग मी भिंतीवरची पाटी वाचली: बोटीवर फळं, धान्य, कच्चं काहीही नेण्यास मनाई.

"आत्या, ती ओटी दे इकडे."

"ओटी परत करतात का रे?"

"इथे दंड होतो."

तिने नाराजीने पिशवी दिली, ती मी खांद्याला लावली. आतोबांनी आपलं कार्ड दाखवलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझं तुझ्या घरी राहिलं रे. तांदळाच्या डब्यात."

"डब्यात?"

"तूच म्हणालास ना, जिवापाड जप. गेली चाळीस वर्षं माझ्या पाटल्या तांदळात असतात. चोर तांदळात हात घालत नाही."

मी मधुराला फोन लावला. तिने अख्खा डबा वर्तमानपत्रावर ओतला आणि सांगितलं, "कार्ड नाहीये."

"नीट बघ!"

"दाणा न् दाणा बघितला."

माझा विश्वास बसेना. (स्वतःच्या स्वयंपाकघरात मला आजवर मिठाची बरणी सापडलेली नाही, पण त्या क्षणी मी शोधकार्यात तज्ज्ञ झालो होतो.) आतोबांनी हळूच विचारलं, "मी पुढे होऊन बसू का? चारला चहाबरोबर केक असतो." त्यांना आत्याजवळ बसवून मी टॅक्सीत उडी मारली. वाटेतला प्रत्येक लाल दिवा माझ्यासाठीच लागत होता. आत्या एका साडीनिशी इथे, आतोबा केक खात पेनांगला, आणि बाबांचा फोन. याखेरीज डोळ्यांपुढे काही दिसेना.

घरी पोचलो आणि बुटांसकट तांदळात गुडघे टेकले. डबा उलटा करून आपटला. तूरडाळ चाळली. उगाच साखरेतही हात घातला. मधुरा कमरेवर हात ठेवून बघत होती. तिची नजर माझ्या खांद्यावर गेली.

"ओटी परत का आणलीस? अपशकुन असतो. आधी नेऊन दे."

"इथे आत्या बुडतेय आणि तुला ओटीचं पडलंय!"

"नेऊन दे म्हटलं ना."

वाद घालायला वेळ नव्हता. रिकाम्या हाताने, म्हणजे खांद्याला ओटी लावून, मी परत टर्मिनलला आलो. दारापाशी आता चारदोनच उतारू उरले होते. बोटीचा भोंगा झाला आणि मला रडूच कोसळलं. "आत्या, नाही सापडलं गं. चुकलंच माझं."

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे रे. राहीन तुझ्याकडे चार दिवस. तोवर ती पिशवी दे. शकुनाचे पाच दाणे तरी पदराला बांधू दे."

तिने पिशवीत हात घातला. तांदूळ चाळवले. तिच्या भुवया वर गेल्या. मग तिने दोन बोटांच्या चिमटीत कार्ड बाहेर काढलं आणि पदराने पुसलं.

आतोबा तर आधीच धावत सुटले होते. दारातून वळून आत्याने हात हलवला, आणि दार बंद झालं.

रात्री जेवताना मधुराने विचारलं, "कार्ड शेवटी होतं कुठे?"

"टर्मिनलवरच होतं," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. तिथून ते माझ्याच खांद्यावर बसून, माझ्याच टॅक्सीने, स्वतःला शोधायला पुंगोलला येऊन गेलं होतं, एवढंच.