लाटण्याचे टोचे

आमच्या घरात अबोला धरायची एक रीत आहे. भांडण झालं की मी आणि नवरा एकमेकांशी बोलत नाही, भिंतीशी बोलतो. "कोणाला जेवायचं असेल तर पानं घेतली आहेत," असं मी स्वयंपाकघरातून हवेत सोडते आणि तो मुकाट्याने येऊन बसतो. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या की भिंतीचं काम त्या करतात. पण निरोप जसाच्या तसा त्या कधीच पोचवत नाहीत. मी म्हणावं, "त्याला सांगा, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर दिसला तर बाराव्या मजल्यावरून खाली फेकीन," आणि त्यांनी आत जाऊन सांगावं, "टॉवेल वाळत घाल रे, ती दमलीये." ही गोष्ट घडली तेव्हा लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि या पद्धतीने आमचं फारसं काही बिघडलं नव्हतं.

आम्ही सिंगापूरला राहतो. नवरा तुआसला, बंदरातल्या क्रेनच्या देखभालीच्या कामावर. दर शनिवारी पहाटे ईस्ट कोस्टच्या धक्क्यावर जाऊन गळ टाकून बसायचं, हे त्याचं आठ वर्षांचं व्रत. आठ वर्षं पाण्याच्या काठाशी बसूनही त्याला पोहता येत नाही. आमच्या कॉण्डोच्या खाली चांगला मोठा स्विमिंग पूल आहे, त्यात गुडघाभर पाण्यात उभं राहण्यापलीकडे त्याची मजल गेली नाही. मी शिकवणी लावून देते म्हटलं की म्हणायचा, "मासे पकडायचेत मला, मासा व्हायचं नाहीये."

एका वर्षी क्रेन बसवायला फिनलंडचा एक इंजिनिअर सहा महिने इथे होता. तोही गळवाला निघाला. शनिवारी दोघं धक्क्यावर शेजारी शेजारी बसायचे, चार तासांत चार वाक्यं बोलायचे आणि घरी येऊन नवरा सांगायचा, काय मस्त गप्पा झाल्या. पुढच्या मार्चमध्ये कंपनीने नवऱ्याला ट्रेनिंगसाठी आठवडाभर फिनलंडला पाठवायचं ठरवलं. त्या माणसाने लगेच कळवलं, शनिवार मोकळा ठेव, आमचा तलाव गोठलेला असेल, बर्फाला भोक पाडून मासे धरू.

झालं, आमच्या घरात बर्फ शिरला. बर्फावर उभं राहून वापरायची गळाची काठी हातभरच लांब लागते, हे त्याला कुठेतरी वाचून कळलं. दुकानात चौकशी केली, तर तिथला म्हातारा चिनी मालक हसत म्हणाला, "बॉस, इथे बर्फ फक्त कोपीत मिळतो, लाह." कोपी म्हणजे इथली कॉफी, आणि लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट. मग त्याने समुद्रावरची एक मोडकी काठी घेतली आणि शेंड्याकडचा भाग कापला. मुठीला बुचाचं लाकूड लावलं, त्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटची चिकट पट्टी गुंडाळली, कारण धातूची मूठ थंडीत हाताला चिकटते म्हणे. टोकाला जुन्या घड्याळातल्या स्प्रिंगची पट्टी बसवली. खाली माशाने आमिषाला नुसतं नाक लावलं तरी ती लवली पाहिजे. अशा चार पट्ट्या करून त्याने तीन फेकून दिल्या.

दोरा गुंडाळायचं रीळ त्याने माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी रात्रभर ठेवलं. सकाळी बाहेर काढलं तर हँडल हलेना. समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी म्हणून तो त्यात दाबून ग्रीस भरत असे, ते गोठून घट्ट झालं होतं. मग ते सगळं सुटं करून धुतलं आणि शिवणयंत्राचं पातळ तेल घातलं. विणलेला दोरा पाणी पिऊन ताठ होतो म्हणून काढला, बारीक नायलॉनचा चढवला. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा उपसायला काहीतरी हवं होतं. मी एका रविवारी बटाटेवडे तळायला घेतले तेव्हा झारा सापडेना. तो बाल्कनीत होता, त्याला फूटभर लांब दांडा जोडलेला. हौसेला मोल नसतं, पण ती दुसऱ्याच्या भांड्यांवर करू नये असं माझं मत आहे. तरी तोवर मी हसत होते. सोफ्यावर बसून, पंख्याखाली घाम गाळत, हातात जाड हातमोजे घालून गाठी मारण्याचा सराव करणारा माणूस पाहून कोणाला हसू येणार नाही?

हसू थांबलं ते त्याच्याच बोलण्याने. एकदा जेवताना तो सहज म्हणाला की मार्चमध्ये बर्फ फसवा असतो, मध्ये जाड आणि ओहोळाच्या तोंडाशी पातळ. माझा घास हातात राहिला. "तुला पोहता येत नाही," मी म्हणाले. तो म्हणाला, पोहता येऊनही उपयोग नसतो. बर्फ फुटून माणूस आत पडला की वर चढायला धरायला काही नसतं, गुळगुळीत काठावरून हात निसटत राहतात. दोन-चार मिनिटांत बोटंच चालेनाशी होतात. म्हणून तिथे प्रत्येकाच्या गळ्यात टोचे असतात. दोन मुठी, प्रत्येकीला अणकुचीदार खिळा. ते बर्फात खुपसायचे आणि स्वतःला ओढून बाहेर काढायचं.

"मग टोच्यांशिवाय पाय ठेवायचा नाही," मी म्हणाले. "माझी शपथ आहे."

"नाही ठेवणार," तो म्हणाला.

विकतचे टोचे प्लास्टिकचे असतात, ओल्या हातातून सटकतात, असं त्याचं म्हणणं. पुढच्या रविवारी मी ऑफिसच्या मैत्रिणीकडून परत आले तेव्हा त्याचे टोचे तयार होते. मूठ काळी, गुळगुळीत, हातात बरोबर मावेल अशी. मी ओळखलं. माझ्या आईने लग्नात दिलेलं शिसवी लाटणं त्याने मधोमध कापलं होतं.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या, त्या समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. तो आधी ओशाळला, मग चिडला. "तूच म्हणालीस ना, टोच्यांशिवाय जाऊ नकोस? लाटणं महत्त्वाचं की मी?"

"लाटणं," मी म्हणाले.

त्या क्षणापासून अबोला.

बुधवारी संध्याकाळी त्याची बॅग भरली जात होती. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते. मुलगा थंडीत जाणार म्हणून ऐन सिंगापूरच्या उकाड्यात त्यांनी दोन दिवस खपून ते वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा घेऊन बॅगेपाशी उभ्या राहिल्या. विमानाला तेवीस किलोची मर्यादा. बॅग काट्यावर ठेवली तर अर्धा किलो जास्त. नवरा आत कामाच्या फोनवर होता. मी बॅगेत हात घातला आणि एका बाजूला सुती पिशवी लागली. जड, आत लोखंड खुळखुळणारी, तोंडाशी त्याची नेहमीची गाठ. तशाच पिशवीत तो समुद्रावरची शिशाची वजनं ठेवतो. मला वाटलं, सवयीने तीही घेतली आहेत, बर्फात कशाला हवीत? एरवी मी दारातून ओरडून विचारलं असतं. पण मी सासूबाईंना म्हणाले, "त्याला विचारा, ही पिशवी काढली तर चालेल का."

त्या आत गेल्या, लगेच बाहेर आल्या. "काढ म्हणाला."

मी काढली आणि बॉम्ब शेल्टरमध्ये फळीवर ठेवली. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला अशी जाड दाराची खोली आहे, आम्ही तिची कोठीची खोली केली आहे. लाडवांचा डबा बॅगेत बरोबर बसला. नवरा गेला, दारात मला "येतो" म्हणाला नाही, आईच्या पाया पडला. पोचल्याचा निरोपही त्यांच्याच फोनवर आला.

शनिवारी दुपारी अडीचला मी तांदूळ काढायला त्या खोलीत गेले. दाराच्या मागच्या खुंटीला शिशाच्या वजनांची पिशवी लटकत होती. मी ती हातात घेऊन पाहिली, आत वजनंच होती. मग फळीवर कुठली आहे? गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापली. आत बुटांखाली चढवायचे दातेरी पट्टे होते आणि ते टोचे.

तिथे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि नऊला ते बर्फावर जाणार होते, हे सासूबाईंच्या फोनवरच लिहिलेलं होतं. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पाच वेळा लावला, तेच. मग सहा दिवसांनी मी त्याला पहिला मेसेज लिहिला. "टोचे इथे राहिलेत. बर्फावर जाऊ नकोस." मेसेजला एकच खूण आली, म्हणजे तो पोचलाच नव्हता. त्या फिनलंडच्या माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता. शनिवारी ऑफिसात फोन उचलायला कोणी नव्हतं.

मी तांदूळ तसाच टाकून जेवणाच्या टेबलाशी बसले. टोचे समोर ठेवले होते. सासूबाई आल्या आणि त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एक टोचा हातात घेतला, टोकाला बोट लावून पाहिलं आणि परत ठेवला. मग बराच वेळ त्या टेबलावरचं पुसणं घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"मी त्याला विचारलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तो फोनवर होता. मला वाटलं, उगाच पुन्हा तुमची वादावादी. लाडू तर गेलेच पाहिजेत."

"लाडवांसाठी, आई?" मी म्हणाले. "तुमच्या लाडवांसाठी?"

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मी असं बोलायला नको होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या बर्फावर होता आणि पिशवी काढणारा हात माझा होता, त्यांचा नव्हता. पण तेव्हा कोणावर तरी राग काढल्याशिवाय मला बसवत नव्हतं. मी उठून बाल्कनीत गेले. खाली पूलमध्ये दोन बाया संथपणे पोहत होत्या, त्यांच्याकडे बघवेना म्हणून परत आत आले.

साडेतीन, चार, साडेचार. दर दहा मिनिटांनी मी फोन लावत होते आणि दर वेळी तीच बाई तेच वाक्य ऐकवत होती. फ्रीजरमधल्या रिळासारखा फोनही थंडीत गारठला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. लगेच वाटे, नाहीतर तो पाण्यात असेल. सासूबाईंनी चहा केला आणि दोघींचे कप निवत राहिले. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. आत पडल्यावर दोन-चार मिनिटं, तो म्हणाला होता. त्या अवधीत तो गळ्याशी हात नेईल आणि तिथे काही नसेल. शिसवी लाटण्याला मी त्याच्यापेक्षा जास्त किंमत दिली होती, आणि तेही आता समोर दोन तुकड्यांत पडलं होतं. मला त्याच क्षणी ते खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं.

पावणेसातला मेसेजला दुसरी खूण आली. मग दोन्ही निळ्या झाल्या. फोन वाजला.

"बोल," तो म्हणाला. गाडीचा आवाज येत होता. "बॅटरी थंडीत मेली होती, आता गाडीत लावलाय. पाच मिळाले. छोटे आहेत."

सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मी म्हणाले, "टोच्यांशिवाय गेलास?"

"हो."

"तुला माहीत होतं, ते बॅगेत नाहीत?"

"गुरुवारी हॉटेलवर बॅग उघडली तेव्हाच कळलं."

"मग त्या माणसाकडे मागायचे ना. त्याच्याकडे असतीलच की जास्तीचे."

"त्याला मी फोटो पाठवले होते गं. बायकोच्या लाटण्याचे केलेत म्हणून. त्याने चार जणांना दाखवले होते. आता काय सांगू, बायकोने परत काढून घेतले? जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली. त्याला वाटलं, आत आहेत."

मला थोडा वेळ कळेचना तो काय म्हणतो आहे. मग कळलं. दोन दिवस तो असं धरून चालला होता की मी मुद्दाम केलं. तो बुडाला तर बुडाला, आईचं लाटणं घरी राहिलं पाहिजे, असं माझं मन आहे असं धरून तो बर्फावर चालत गेला होता. मी म्हणाले, मला शिशाची वजनं वाटली, मी विचारायला सांगितलं होतं. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "माझी चूक रे, मी विचारलं नाही," पण त्या फोनपासून लांब होत्या, त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"बरं," तो म्हणाला.

"भीती नाही वाटली?"

"पूर्ण वेळ वाटत होती. बर्फ खालून आवाज करतो. तो माणूस म्हणाला, हा चांगला आवाज आहे. मला काय कळतंय त्यातलं?"

"मग गेलास कशाला?" मी ओरडलेच.

"दोन दिवस फोन बघत होतो," तो म्हणाला. "एक मेसेज आला असता ना तुझा, तर पोट दुखतंय म्हणून हॉटेलवर राहिलो असतो."

मेसेज तूही करू शकला असतास, हे माझ्या जिभेवर आलं होतं. खरंही होतं. मी ते बोलले नाही. सासूबाईंनी फोनसाठी हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "दे इकडे, मी सांगते त्याला नीट." मी फोन दिला नाही. बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं आणि त्याला म्हणाले, "ऐक, आता मी बोलते आहे."